पाचवी मागणी

१८८४ च्या सप्टेंबरात परळला गिरणी कामगारांच्या दोन सभा झाल्या, एक २३ तारखेला आणि दुसरी २६ ला. मुंबई सरकारने त्या वर्षी कारखान्यांच्या चौकशीसाठी एक कमिशन नेमले होते. त्याच्यापुढे कामगारांची बाजू कोण मांडणार, हा प्रश्न नारायण मेघाजी लोखंडे यांनी सोडवला. लोखंडे ठाण्याचे, जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतले आणि ‘दीनबंधू’ पत्राचे संपादक. सभांमध्ये एक अर्ज मंजूर झाला आणि त्यावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या झाल्या.

अर्जात पाच मागण्या होत्या. रविवारी सुटी मिळावी, दुपारी अर्धा तास विसावा मिळावा, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे, आणि मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत हातात पडावा. या चार मागण्यांचा इतिहास बऱ्याच जणांना ठाऊक असतो, निदान रविवारचा तरी. पाचवी सहसा कोणी सांगत नाही. कामावर असताना कामगाराला मोठी दुखापत झाली आणि काही दिवस त्याला काम करता आले नाही, तर तो बरा होईपर्यंत त्याला पुरा पगार द्यावा. आणि तो जन्माचा अधू झाला, तर त्याच्या पोटाची सोय करावी, अशी ती मागणी होती.

सगळ्या अर्जात धाडसाची मागणी हीच, असे मला वाटते. पहिल्या चार मागण्या घड्याळाच्या आणि कॅलेंडरच्या आहेत. काम किती वेळ, पैसे केव्हा, एवढाच त्यांचा वाद. पाचवी मात्र न केलेल्या कामाचा पगार मागते. भोंगा झाल्यावर जो आत येतो त्याच्याशीच आपला व्यवहार, असे मानणाऱ्या मालकाला ती सांगते की तुझ्या यंत्रात हात गमावून घरी बसलेला माणूसही तुझ्याच हिशेबात धरायचा आहे.

रविवार सहा वर्षांत मिळाला. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या मैदानावर दहा हजारांवर कामगार जमले, दोन गिरणीकामगार बायकांनीही तिथे भाषणे केली, आणि १० जूनला गिरणीमालक संघाने आठवड्याची सुटी मान्य केली. १८९१ च्या फॅक्टरी कायद्याने सुटीवर सरकारी मोहोर उठवली. पाचवी मागणी अजून तीस-बत्तीस वर्षे तशीच पडून राहायची होती.

धोटा, पट्टा, साचा

त्या काळच्या गिरणीत वीज नव्हती. तळाला एक वाफेचे इंजिन, त्यावरून फिरणारे लांबच लांब लोखंडी दांडे आणि दांड्यांवरून प्रत्येक यंत्रापर्यंत उतरणारे चामड्याचे पट्टे, असा सारा कारभार. इंजिन एकच असल्यामुळे एका माणसाचा पंचा पट्ट्यात सापडला म्हणून सगळे खाते लगेच थांबत नसे. निसटलेला पट्टा चालत्या चाकावर हाताने चढवायचा, चालत्या यंत्राखालचा कापूस झाडून काढायचा, दातेरी चाकांना चालतीच तेल घालायचे, ही रोजची कामे होती. यंत्र बंद केले की उत्पादन घटते आणि उत्पादन घटले की जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम, ओरडतो. साच्यावर, म्हणजे मागावर, धोटा इकडून तिकडे वेगाने धावतो. तो उसळून बाहेर आला तर समोर किंवा शेजारच्या साच्यावर उभ्या असलेल्याच्या तोंडावर बसतो. डोळा जाण्याचे हे एक ठरलेले कारण. बोटे जाण्याची कारणे तर मोजायचीच नाहीत.

१८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने धोक्याच्या यंत्रांना कठडा घालायला सांगितले आणि अपघाताची वर्दी सरकारला द्यायला लावली. कामगाराच्या दृष्टीने हा कायदा तिथेच संपत होता. वर्दी जायची, इन्स्पेक्टर कधीतरी येऊन कठडा बघून जायचा, आणि ज्याचा हात गेला त्याला काय, याचे उत्तर कायद्यात कुठेच नव्हते. त्या जागेवर दुसऱ्या दिवशी बदली कामगार उभा राहायचा. मालक भला असला तर गावी जायला भाडे आणि वर काही रुपये देई. ती त्याची दया, आणि दयेचा दावा कुठल्याही कोर्टात लागत नाही.

कोर्टाचा रस्ता कागदावर होता. १८५५ च्या एका कायद्याने, दुसऱ्याच्या चुकीमुळे माणूस मेला तर त्याच्या बायकामुलांना नुकसानभरपाईचा दावा लावता येत असे. पण चूक सिद्ध करायची ती विधवेने. ती झालीच तर मालकाचा वकील इंग्रजी कायद्यातले दोन हुकमी पत्ते टाकणार. पहिला असा की धोक्याचे काम आहे हे माहीत असूनच माणूस कामावर आला, म्हणजे धोका त्याने पत्करलाच होता. दुसरा असा की चूक मालकाची नव्हे, बरोबरच्या दुसऱ्या नोकराची होती, आणि सोबत्याच्या चुकीला धनी जबाबदार नाही. हा दुसरा पत्ता १८३७ साली इंग्लंडात एका खाटकाच्या नोकराच्या खटल्यातून निघाला होता. जास्त लादलेली गाडी मोडून तो जखमी झाला होता आणि न्यायाधीशांनी त्याला सांगितले की गाडी धोक्याची वाटत होती तर तू चढायचे नव्हतेस. मुंबईच्या गिरणीत ‘चढायचे नव्हतेस’ याचा अर्थ ‘नोकरी सोडायची होतीस’ एवढाच.

जगात दुसरा मार्ग तेव्हाच निघत होता. परळच्या सभांच्या अडीच महिने आधी, ६ जुलै १८८४ रोजी, बिस्मार्कच्या जर्मनीने कामगारांच्या अपघात विम्याचा कायदा मंजूर केला. कोणाची चूक हे विचारायचे नाही. अपघात कामावर झाला की मालकांच्या वर्गणीतून पैसे द्यायचे, हे त्याचे मूळ सूत्र. इंग्लंडने जोसेफ चेंबरलेनच्या आग्रहाने १८९७ मध्ये आपल्या पद्धतीने तेच केले. परळच्या सभेत बर्लिनची बातमी कोणाला असेल असे समजायला काही आधार नाही. पण दोन्हीकडच्या माणसांना एकाच वर्षी तेच सुचले, कारण दोन्हीकडची यंत्रे सारखीच होती.

मधल्या काळात इथे जे झाले ते एकेका मालकाच्या मर्जीने झाले. नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये जमशेटजी टाटांनी १८९५ पासून अपघाताची भरपाई द्यायला सुरुवात केली. मुंबईत सीताराम केशव बोले आणि त्यांच्या सहकाऱ्यांची कामगार हितवर्धक सभा १९१० च्या सुमारास उभी राहिली. जखमी कामगाराला भरपाई मिळावी हे तिच्या मागण्यांमध्ये होते. लोखंडे तोवर नव्हते. मुंबईत प्लेग आला, ते लोकांच्या मदतीसाठी धडपडत राहिले आणि फेब्रुवारी १८९७ मध्ये त्याच साथीत गेले.

बोटांचा दर

पहिले महायुद्ध संपल्यावर वारे बदलले. मुंबईत १९१९ आणि १९२० साली मोठे संप झाले. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईतच आयटक या कामगार संघटनांच्या महासंघाची स्थापना झाली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना निघाली होती. १९१९ मध्ये वॉशिंग्टनला तिच्या पहिल्या परिषदेत हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले होते नारायण मल्हार जोशी. कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचे जोशी सोशल सर्व्हिस लीगमधून परळच्या चाळींत काम करत आले होते आणि १९२१ पासून मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांच्या बाजूने बोलत होते. आवाज चढवणे त्यांच्या स्वभावात नव्हते. कलमे वाचायची, दुरुस्त्या सुचवायच्या, हरल्या तर पुढच्या अधिवेशनात पुन्हा आणायच्या, असा त्यांचा खाक्या होता.

भारत सरकारने जुलै १९२१ मध्ये योजना जाहीर करून मते मागवली, जून १९२२ मध्ये एक समिती बसवली, सप्टेंबरमध्ये विधेयक मांडले आणि मार्च १९२३ मध्ये कामगार नुकसानभरपाई कायदा मंजूर झाला. अंमल १ जुलै १९२४ पासून. लोखंड्यांच्या अर्जापासून मोजले तर चाळीस वर्षांना अडीच-तीन महिने कमी.

कायद्याचे हृदय एका वाक्यात होते: काम चालू असताना आणि कामामुळे अपघात होऊन कामगाराला इजा झाली, तर मालकाने भरपाई द्यावी. चूक कोणाची, हा प्रश्नच बाजूला झाला. मूळ विधेयकात ते दोन जुने हुकमी पत्ते रद्द करणारा एक वेगळा भागही होता, पण संयुक्त समितीने तो गाळून टाकला. नव्या कायद्याऐवजी साध्या कोर्टात जाणाऱ्याला ते पत्ते १९३८ पर्यंत आडवे येत राहिले. लाभ कोणाला, याचीही यादी ठरलेली होती. कारखाने, खाणी, रेल्वे, ट्राम, गोदी, जहाजे, उंच इमारतींची बांधकामे, तारा ओढणारे, आगीचे बंबवाले, आणि जमिनीखालच्या गटारांत उतरणारे. शेतमजूर नाहीत. घरगडी नाहीत. महिना तीनशे रुपयांहून जास्त मिळवणारेही नाहीत, पण त्यांची चिंता परळमध्ये कोणाला नव्हती.

आणि मग दरपत्रक. मृत्यूला तीस महिन्यांचा पगार किंवा अडीच हजार रुपये, यांपैकी जे कमी असेल ते. जन्माचे पूर्ण अपंगत्व असेल तर बेचाळीस महिन्यांचा पगार किंवा साडेतीन हजार, पुन्हा जे कमी ते. मेलेला कामगार अल्पवयीन असेल तर सरसकट दोनशे रुपये. मेल्यापेक्षा पांगळ्याला जास्त, हे वाचणाऱ्याला विचित्र वाटते, पण हिशेब सरळ होता: मेलेल्याचे स्वतःचे पोट उरत नाही.

अर्धवट अपंगत्वासाठी जोडलेल्या तक्त्यात शरीराच्या प्रत्येक भागाला टक्के दिलेले होते. उजवा हात कोपरापासून गेला तर ७०, डावा तसाच गेला तर ६०. एक डोळा ३०, अंगठा २५, तर्जनी १०, इतर कुठलेही एक बोट ५. कामगार डावखुरा असेल तर? तक्ता त्या भानगडीत पडत नव्हता. महिना तीस रुपये मिळवणारा माणूस धरला तर कोपरापासून उजवा हात ८८२ रुपयांचा, अंगठा ३१५ रुपयांचा, आणि करंगळी ६३ रुपयांची होते. हे आकडे वाचताना अंगावर काटा येतो खरा, पण १९२४ पूर्वी त्याच करंगळीचा भाव शून्य होता आणि अंगठ्याचाही.

काही दिवसांच्या दुखापतीसाठी दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराचा चौथा हिस्सा, म्हणजे पगाराच्या निम्मे. पुरा पगार नाही. लोखंड्यांनी मागितले होते त्याच्या अर्धे. शिवाय पहिले दहा दिवस कोरडे. दहा दिवसांच्या आत बरी होणारी जखम कायद्याच्या लेखी जखमच नव्हती. गिरणीतली बहुतेक कापाकापी, ठेचाठेची याच दहा दिवसांत मोडत असणार. ही मुदत १९३३ मध्ये सात दिवसांवर आणि १९५९ मध्ये तीन दिवसांवर आली. प्रत्येक खेपेला मागणारे तेच सांगत आणि नाकारणारे तेच सांगत: मुदत कमी केली की लोक खोटी दुखणी काढतील.

सांगायचे कोणाला

कायदा मिळाला, आता अपघात कळवायचा होता. आणि इथे खरी गोष्ट सुरू होते.

भरपाई मागायची तर अपघातानंतर शक्य तितक्या लवकर मालकाला नोटीस द्यायची. तीत जखमी माणसाचे नाव, पत्ता, तारीख आणि इजा कशी झाली ते साध्या भाषेत लिहायचे. मालक देत नसेल तर सरकारने नेमलेल्या कमिशनरकडे अर्ज, तोही सहा महिन्यांच्या आत. आज वाचायला किती सोपे वाटते! पण ज्याला नोटीस द्यायची त्या मालकापर्यंत पोहोचायला मधे जॉबर होता. कामावर घेणारा, काढणारा, बदली लावणारा, प्रसंगी उसने देणारा तोच. पट्टा चढवायला हुकूम कोणी केला, याचे खरे उत्तर ‘जॉबरने’ असेल तर ते नोटिशीत लिहायचे धाडस कोण करणार? उलट त्याने आधीच सांगून ठेवले असेल की तूच कठडा काढलास. आणि कायद्यात अपवाद होताच: कामगाराने मुद्दाम सुरक्षेचे साधन काढले, सूचना धाब्यावर बसवली किंवा तो दारूच्या नशेत होता, तर भरपाई नाही. १९३३ च्या दुरुस्तीपर्यंत मृत्यूच्या प्रकरणातही हा बचाव चालत होता. मेलेला माणूस उठून सांगू शकत नाही की कठडा मुळातच नव्हता.

डॉक्टरी तपासणीचे कलम आणखी बारीक आहे. नोटीस मिळाल्यावर मालकाने तीन दिवसांत आपल्या खर्चाने डॉक्टर दिला तर कामगाराने तपासून घ्यायचे. तपासणी न करताच तो कामाच्या जागेचा परिसर सोडून गेला, तर परत येऊन तपासून घेईपर्यंत पैसे बंद. एखाद्या इंग्रजी गावात, जिथे कामगाराचे घर कारखान्याच्या पलीकडच्या गल्लीत असते, तिथे हे कलम निरुपद्रवी वाटेल. मुंबईचा गिरणीकामगार रत्नागिरी किंवा सातारा जिल्ह्यातला. गिरणगावात तो एका खोलीत दहा-पंधरा जणांबरोबर राहायचा आणि जेवायचा खानावळीत. हात बांधलेला माणूस त्या खोलीत दिवसभर पडणार कुठे, त्याला भरवणार कोण? इस्पितळातून बाहेर आला की पहिले काम म्हणजे गावची बोट किंवा गाडी गाठायची. बायको, आई, घरचा ओटा, गावचा वैद्य सगळे तिकडे. त्याने तीत पाय ठेवला की कायद्याच्या भाषेत तो परिसर सोडून गेला.

विधवेची वाट याहून लांब. अर्ज अपघात जिथे झाला तिथल्या कमिशनरकडे करायचा, म्हणजे मुंबईला. ती असायची देवरुखच्या किंवा मालवणच्या पंचक्रोशीत. बातमी कळायला दिवस, कोणीतरी लिहिता येणारा सापडायला दिवस, आणि मधे पावसाळा आला तर कोकण किनाऱ्याच्या बोटीच बंद. जेमतेम सहा महिन्यांच्या मुदतीतून दोन-तीन महिने समुद्रच खाऊन टाकायचा. कमिशनरला सबळ कारण दाखवून उशीर माफ करता येत असे, पण आपल्याला तो अधिकार मागता येतो हे सांगणारा माणूस आधी भेटायला हवा. ही मुदत पुढे वाढत दोन वर्षांची झाली. विधवेला आपण राहतो तिथल्या कमिशनरकडे अर्ज करता यायला मात्र १९९५ साल उजाडावे लागले. अंमल सुरू झाल्यापासून एकाहत्तर वर्षांनी कायद्याला कळले की मुंबईचा कामगार मुंबईचा नसतो.

कायद्यात चांगली कलमेही होती आणि ती कोणाच्या तरी डोळ्यांपुढे खरी गिरणी ठेवूनच लिहिली असावीत. भरपाईचे पैसे कोणाला गहाण टाकता येत नाहीत, विकता येत नाहीत, सावकाराला जप्त करता येत नाहीत. पगाराच्या दिवशी दरवाजाबाहेर काठी घेऊन उभ्या असणाऱ्या पठाण सावकाराची ज्यांना सवय होती त्यांच्यासाठी हे कलम लाखमोलाचे होते. कामगाराने ‘मला भरपाई नको’ असे आधीच लिहून दिले असेल तर ते लिहिणे रद्द. आणि मृत्यूची रक्कम मालकाने थेट घरच्यांच्या हातावर ठेवायची नाही. कमिशनरकडे जमा करायची. ज्या मालकाने शंभर रुपये देऊन अंगठा घेतला, त्याने काही दिले असे कायदा मानतच नव्हता. कमिशनर मग पैसे वारसांत वाटी, आणि लहान मुलांच्या वाट्याचे गुंतवूनही ठेवू शके.

मालक गप्प बसले नव्हते. १९२४ मध्येच मुंबईत गिरणीमालकांनी आपापसांत विमा उतरवणारी एक म्युच्युअल संस्था काढली. यात कपट असे काही नाही. विमा हीच या कायद्याची नैसर्गिक जोडी. पण आता दाव्याच्या पलीकडे ओळखीचा शेठ उरला नाही, दावे रोज हाताळणारे जाणकार कार्यालय आले. कामगाराच्या बाजूने तसे कोणी उभे राहायला युनियनचा कारकून लागत होता. जोशींच्या अध्यक्षतेखाली १९२६ मध्ये बॉम्बे टेक्स्टाइल लेबर युनियन निघाली. मुंबईच्या कामगार चळवळीत कम्युनिस्टांचा लाल बावटा आणि जोशींचा मवाळ गट यांच्या भांडणावर पुस्तके भरून लिहिले गेले आहे. जखमी माणसाची नोटीस मराठीत लिहून, तिची नक्कल ठेवून, तारखेला कमिशनरपुढे उभे राहण्याचे काम कोणाच्याच घोषणेत आले नाही, आणि कामगाराला त्याचाच उपयोग सर्वांत जास्त होता.

विचारायचे कोणी

१९२९ मध्ये जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली शाही कामगार आयोग आला. त्याच्यावर उद्योगपती घनश्यामदास बिर्ला होते, गिरणीमालक व्हिक्टर ससून होते, आणि जोशीही होते. आयोगाने गावोगाव साक्षी घेतल्या आणि १९३१ मध्ये अहवाल दिला. भरपाईचा कायदा एकंदर चालला आहे, पण पुष्कळ हक्काचे दावे मागितलेच जात नाहीत, हा त्याच्या शिफारशींमागचा विचार होता.

याच्या आधारे १९३३ मध्ये जी दुरुस्ती झाली, तिच्यातले एक कलम मला साऱ्या कायद्यात महत्त्वाचे वाटते. कामावर कोणी मेला आहे असे कमिशनरला कुठूनही कळले, तर तो मालकाला पत्र पाठवून तीस दिवसांच्या आत उत्तर मागू शके: मृत्यू कशाने झाला आणि तुम्ही भरपाईची जबाबदारी मानता का? मानत असाल तर पैसे जमा करा. मानत नसाल तर कारण लिहा. कमिशनर ते तपासून वारसांना कळवील की तुम्हाला दावा लावता येतो. ज्या धंद्यांत सरकारकडे अपघाताची वर्दी देणे सक्तीचे होते, तिथली वर्दी कमिशनरपर्यंत नेण्याचीही तजवीज झाली. १८८१ पासून वर्दी एका दप्तरात जात होती आणि १९२४ पासून भरपाई दुसऱ्या दप्तरात. त्या दोघांची गाठ पडायला इतकी वर्षे लागली. बाईने बोटीने येऊन विचारायचे, त्याऐवजी आता कचेरीने मालकाला विचारायचे. मुळातच हे का सुचले नाही? सुचले असेलही, पण भरपाई ही एखाद्या देण्यासारखी दोघांतली बाब, ज्याचे येणे आहे त्याने मागावे, असेच कायद्याचे वळण होते.

रोगांच्या बाबतीत कायदा याहून मंद होता. १९२३ च्या यादीत धंद्यातून होणारे रोग तीन: अँथ्रॅक्स, शिशाचे विष आणि फॉस्फरसचे विष. पहिला लोकर आणि कातडी हाताळणाऱ्यांचा, दुसरे दोन शिसे आणि फॉस्फरस हाताळणाऱ्यांचे. कापसाच्या धुळीने छाती भरणे हा मुंबईतला सर्वांत ओळखीचा आजार, आणि तोच यादीत नव्हता. बोट तुटल्याला तारीख असते, वेळ असते, साच्याचा नंबर असतो. श्वास तुटायला वीस वर्षे लागतात. नोटिशीत कुठली तारीख घालायची?

मुंबईच्या गिरणीकामगाराचा या कायद्याशी संबंध पन्नासच्या दशकात बराचसा संपला. डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना प्रा. बी. पी. अडारकर यांना १९४३ मध्ये आरोग्य विम्याची योजना करायला सांगितले गेले; त्यांचा अहवाल ऑगस्ट १९४४ चा. त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्लीत, १९५४ मध्ये मुंबईत तो लागू झाला. विम्याखाली आलेल्या माणसाने मालकावर दावा लावायचा नाही. वर्गणीच्या निधीतून त्याला औषध आणि पैसे मिळायचे. बिस्मार्कचा मार्ग असा सत्तर वर्षांनी परळला पोहोचला. १९२३ चा कायदा विम्याबाहेरच्या माणसांचा होऊन राहिला: बांधकामवाले, ट्रकवाले, खलाशी, आणि बसवाले.

एर्ला पुलाजवळ

बसवाल्यांतल्या एकाचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि ‘काम चालू असताना’ या तीन शब्दांची ताणाताण त्यात जितकी नीट दिसते तितकी क्वचितच कुठे. २० जुलै १९५७ ची संध्याकाळ. मुंबईच्या बस चालवणाऱ्या बेस्टचा एक ड्रायव्हर पावणेआठच्या सुमारास जोगेश्वरीच्या डेपोत पाळी संपवून मोकळा झाला. घर सांताक्रूझला. गणवेशातल्या ड्रायव्हरला बेस्टच्या बसमधून फुकट प्रवास करता येत असे. तो दुसऱ्या बसमध्ये चढला. घोडबंदर रस्त्यावर अंधेरीच्या एर्ला पुलाजवळ ती बस वाकड्या उभ्या असलेल्या लॉरीवर आदळली आणि तो रस्त्यावर फेकला गेला. सहा दिवसांनी तो वारला. त्याच्या पत्नीने भरपाई मागितली.

कमिशनरने अर्ज फेटाळला. पाळी संपली होती. घरी जाणारा माणूस कामावर कसा? मुंबई उच्च न्यायालयाने उलट निकाल दिला. बेस्ट सर्वोच्च न्यायालयात गेली. तिथे न्यायमूर्ती सुब्बा राव, रघुबर दयाल आणि मुधोळकर यांच्यापुढे प्रश्न असा होता की ड्रायव्हरचे काम डेपोच्या दारात संपते की कुठे. बहुमताने म्हटले, एवढ्या पसरलेल्या शहरात वेळेवर कामावर येणे आणि थकून घरी पोहोचणे हे बेस्टच्या सेवेच्या सोयीसाठीच आहे. फुकट प्रवासाची सवलत म्हणजे नुसती मेहेरबानी नव्हे, सेवा नीट चालावी म्हणून दिलेली गोष्ट. बसचा सारा ताफा मिळून जणू एकच कारखाना, आणि त्या बसमधला ड्रायव्हर अजून त्या कारखान्याच्या आत होता. रघुबर दयाल यांना हे पटले नाही. त्यांच्या मते त्या बसमध्ये तो इतर उतारूंसारखा एक उतारू होता, कारण तिने जायला तो बांधलेला नव्हता.

मला अल्पमतही अगदी टाकाऊ वाटत नाही. कायद्याची अक्षरे तिकडेच झुकतात. पण जोगेश्वरी डेपोतून रात्री आठला सांताक्रूझला पोहोचायचे तर गणवेशातला ड्रायव्हर दुसऱ्या कशाने गेला असता, हा प्रश्न ज्यांनी मुंबईत नोकरी केली आहे त्यांनी स्वतःला विचारून पाहावा.

निकाल मे १९६३ मध्ये लागला. विधवेचा विजय झाला. अपघाताला तोवर सहावे वर्ष सरत आले होते.